वीस सेकंदांची क्षमायाचना

जपानात आगगाडी आली, ती आपल्यापेक्षा एकोणीस वर्षे उशिरा. बोरीबंदरहून ठाण्याकडे आपली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. टोकियोतील शिंबाशी आणि योकोहामा यांच्या दरम्यान जपानची पहिली गाडी धावू लागली, ती १८७२ साली. एवढा उशीर जपानी आगगाडीने त्यानंतर पुन्हा कधी केला नसावा. त्या एकोणीस वर्षांची भरपाई करण्याचा जणू तिने विडाच उचलला आहे!

त्या पहिल्या गाडीविषयी तिकडे एक आख्यायिका सांगतात. जपानी माणूस घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढतो. गाडीचा डबा हेही एक घरच, अशा समजुतीने काही उतारूंनी आपल्या लाकडी चपला फलाटावर नीट मांडून ठेवल्या आणि ते अनवाणी आत जाऊन बसले. गाडी सुटली, उतारू मुक्कामाला पोहोचले आणि चपला मात्र जिथल्या तिथे राहिल्या! गोष्ट खरी असो वा रचलेली. परंतु सार्वजनिक गाडीला आपल्या घराप्रमाणे वागवण्याची जी वृत्ती तिच्यात दिसते, ती मी त्या देशात ठायी ठायी पाहिली. २०१९ च्या वसंत ऋतूत माझ्या पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता जपानला गेलो. तो टोकियोत नोकरीला होता. मंदिरे, बागा आणि किल्ले पाहण्यासाठी म्हणून आम्ही घरून निघालो. प्रत्यक्षात बराच वेळ आगगाड्याच पाहत बसलो.

पहिले नवल वाटले, ते टोकियोच्या फलाटावर. तेथे जमिनीवर खुणा आखलेल्या असतात. कोणत्या डब्याचे दार कोठे येणार, हे त्या खुणांवरून कळते, आणि लोक त्या खुणांमागे रांग धरून उभे राहतात. गाडी येते आणि तिचे दार बरोबर त्या खुणेसमोर उघडते. दारे उघडल्यावर रांग दुभंगते, उतरणाऱ्यांना मधून वाट मिळते आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत कोणी पाऊल पुढे टाकत नाही. ज्याने तीस-बत्तीस वर्षे मुलांना रांगेत उभे करण्याचा उद्योग केला, त्या माणसाला हे दृश्य पाहून आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. पण खरे सांगायचे तर मला थोडा मत्सरही वाटला. येथे कोणी शिट्टी वाजवत नव्हते, कोणी ‘एक हात अंतर!’ म्हणून ओरडत नव्हते, आणि तरी रांग सरळ होती.

टोकियो स्थानकात आणखी एक प्रयोग पाहायला मिळाला. प्रयोग म्हणजे नाटकाचा म्हणतात त्या अर्थाने! ईशान्येकडून येणाऱ्या शिंकानसेन गाड्या, म्हणजे ज्यांना आपण बुलेट ट्रेन म्हणतो त्या, तेथे सुमारे १२ मिनिटे थांबतात. उतारूंच्या चढण्या-उतरण्याचा वेळ वजा जाता सफाईसाठी उरतात अवघी ७ मिनिटे. गाडी येण्यापूर्वी सफाई कामगार फलाटाच्या कडेला ओळीने उभे राहतात आणि येणाऱ्या गाडीला वाकून नमस्कार करतात. मग एकेका डब्यात साधारणतः एकेक जण शिरतो. सुमारे शंभर आसने. त्यांचा केर काढायचा, मेजे पुसायची, डोके टेकण्याचे कापड बदलायचे आणि सगळी आसने फिरवून प्रवासाच्या दिशेला तोंड करून ठेवायची. हे सारे सात मिनिटांत उरकून मंडळी पुन्हा ओळीने उभी राहतात आणि वाट पाहणाऱ्या उतारूंना नमस्कार करून निघून जातात. एखादा कसलेला नट पडदा पडताना प्रेक्षकांना वंदन करतो ना, तद्वत! माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, “अहो, दिवाळीपूर्वी आठवडाभर यांना आपल्याकडे नेता येईल का?”

आम्ही टोकियोहून क्योतोला निघालो, ते याच शिंकानसेन गाडीने. टोकियो ते शिन-ओसाका हा ५१५ किलोमीटरचा मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी, म्हणजे टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांच्या तोंडावर, सुरू झाला. त्या वेळी गाडीचा वेग ताशी २१० किलोमीटरपर्यंत जाई. आज याच मार्गावर तो २८५ पर्यंत जातो. पण वेगापेक्षाही मला आवडली ती गाड्यांची नावे. एकीचे नाव ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश, दुसरीचे ‘कोदामा’ म्हणजे प्रतिध्वनी आणि तिसरीचे ‘नोझोमी’ म्हणजे आशा. यांत सर्वांत मंद प्रतिध्वनी, त्याच्यापुढे प्रकाश आणि सर्वांच्या पुढे आशा. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनाही हा क्रम मान्य करावा लागेल. कारण आशेचा वेग अजून कोणी मोजलेला नाही.

गाडी सुटल्यावर काही वेळाने तिकीट तपासनीस आले. डब्यात शिरताच त्यांनी लवून नमस्कार केला. डब्यातून जाऊन दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर ते मागे वळले, पुन्हा लवले आणि मगच दाराबाहेर पडले. गंमत अशी, की त्या क्षणी डब्यातील निम्मे लोक झोपेत होते आणि उरलेले पुस्तकात किंवा फोनमध्ये मान घालून बसले होते. त्यांचा नमस्कार पाहणारे आम्ही दोघेच! झोपलेल्या माणसालाही नमस्कार करायचा, हे सौजन्य मला नवीन होते. कोणी पाहत नसतानाही जे पाळले जाते, तेच खरे वळण, असे आम्ही शाळेत सांगत असू. येथे ते निळा गणवेश घालून डब्याच्या दारात उभे होते.

डब्यात इतकी शांतता होती की आमची मोठीच पंचाईत झाली. प्रवासाला निघताना डबा भरून चकल्या आणि लाडू बरोबर घ्यावेत, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. जपानी प्रवाशांनीही आपापले जेवणाचे सुबक डबे उघडले होते. तेव्हा खाण्याला काही हरकत नव्हती. सौभाग्यवतींनी चकलीचा पहिला तुकडा मोडला मात्र, आणि तो आवाज फटाक्यासारखा डब्यात घुमला! चकलीचा कुरकुरीतपणा हा आपल्याकडे तिचा सर्वांत मोठा गुण. येथे तोच तिच्या आड आला. त्यांनी चकली तशीच तोंडात धरली आणि ती मऊ होईपर्यंत त्या गंभीर चेहऱ्याने खिडकीबाहेर पाहत राहिल्या. पुढचा सारा प्रवास आम्ही लाडवांवर काढला. लाडू हा मुका पदार्थ आहे, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले.

या शांततेची काळजी डब्याबाहेरही घेतली जाते. पुतण्याने सांगितले, की वेगवान गाडी बोगद्यात शिरली म्हणजे तिच्यापुढची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या तोंडातून ती स्फोटासारखा आवाज करीत बाहेर पडते. बोगद्याजवळ राहणाऱ्या लोकांना त्याचा त्रास होऊ लागला. तेव्हा एइजी नाकात्सु नावाच्या अभियंत्यांनी त्यावर उपाय शोधला. त्यांना पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात सूर मारतो, तेव्हा पाणी फारसे उडत नाही, कारण त्याची चोच लांब आणि निमुळती असते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९७ साली धावू लागलेल्या एका गाडीचे नाक त्यांनी त्या चोचीसारखे केले. तब्बल १५ मीटर लांब! गाडीचा वेग तर राहिलाच, पण बोगद्यापलीकडच्या घरांत झोपलेल्या माणसांची झोपही राहिली.

आणि झोप ही तर तिकडच्या उतारूंची खासियत! बसल्या बसल्या मान खाली घालून ते झोपतात. पण उतरायचे स्थानक आले, की कोणी न उठवता डोळे उघडून चटकन उतरतात. कीर्तनभर डुलक्या घेणारा श्रोता आरतीच्या वेळी बरोबर जागा होतो, तसलाच हा प्रकार. टोकियोपासून पाऊण तासाच्या सुमारास उजव्या हाताला ३,७७६ मीटर उंचीचा फुजी पर्वत दिसू लागला. बर्फाचा मुकुट घातलेला तो पर्वत पाहण्यासाठी आम्ही खिडकीला नाक लावले, आणि आमच्या पुढच्या आसनावरचे गृहस्थ मात्र फुजीकडे पाठ करून शांतपणे घोरत होते. घरच्या देवाला कोण रोज पाहतो?

ओसाकाहून वाकायामाकडे जाताना आम्ही साध्या गाडीच्या पहिल्या डब्यात, चालकाच्या खोलीच्या काचेमागे उभे होतो. पांढरे हातमोजे घातलेला तो तरुण चालक अधूनमधून समोर बोट दाखवी आणि स्वतःशीच काहीतरी मोठ्याने बोले. सिग्नल आला की बोट, वेग पाहायचा झाला की बोट, वेळापत्रक पाहायचे झाले की पुन्हा बोट.

“अहो, हे कोणाशी बोलताहेत?” सौभाग्यवतींनी काळजीच्या स्वरात विचारले.

“काकू, ते स्वतःशीच बोलताहेत,” पुतण्या हसून म्हणाला. “इथली रीतच आहे ती. जे पाहायचं त्याच्याकडे बोट करायचं आणि जे दिसलं ते मोठ्यानं म्हणायचं. नुसती नजर फसते. पण डोळा, हात, तोंड आणि कान चौघं मिळून सहसा फसत नाहीत.”

१९९० च्या दशकात जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने याविषयी एक प्रयोग केला होता. एरव्ही शंभर कृतींमागे सरासरी २.३८ चुका होत; बोट दाखवून मोठ्याने उच्चार केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. हे ऐकून सौभाग्यवतींचा चेहरा उजळला. गावाला निघताना “गॅस बंद, नळ बंद, मागचं दार बंद,” असे बोट दाखवून म्हणण्याची त्यांची सवय आहे आणि तिच्यावरून घरात त्यांची नेहमी थट्टा होते. त्या दिवसापासून ती थट्टा कायमची थांबली.

वाकायामाला आम्ही गेलो, ते एका स्टेशनमास्तरांची भेट घेण्यासाठी. आणि ते स्टेशनमास्तर म्हणजे एक मांजर होते! वाकायामा ते किशी हा जेमतेम १४ किलोमीटरचा लोहमार्ग उतारूंच्या अभावी बंद पडण्याच्या बेतात होता. २००६ साली तो एका नव्या कंपनीने चालवायला घेतला आणि जानेवारी २००७ मध्ये किशी स्थानकावरच्या ‘तामा’ नावाच्या मांजरीची स्टेशनमास्तर म्हणून नेमणूक केली. तिला टोपी मिळाली, बिल्ला मिळाला. वेतन मात्र खाऊच्या रूपाने! तिला पाहण्यासाठी दूरदूरचे लोक त्या आडबाजूच्या स्थानकावर येऊ लागले आणि त्या लोहमार्गात पुन्हा धुगधुगी आली. २०१० साली स्थानकाची इमारतही मांजराच्या तोंडासारखी बांधण्यात आली. तामा २०१५ साली वारली, तेव्हा हजारो लोक तिला निरोप देण्यासाठी जमले, आणि आता फलाटावर तिचे लहानसे देऊळ आहे. आम्ही गेलो तेव्हा तिच्या जागी ‘नितामा’, म्हणजे दुसरी तामा, कामावर होती. काचेच्या खोलीत ती गाढ झोपली होती. कामाच्या वेळात झोपण्याचा अधिकार मला मुख्याध्यापक असूनही कधी मिळाला नव्हता, हा विचार तिला पाहून माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

त्या रात्री ओसाकाला जेवताना पुतण्याने आणखी एक मौज सांगितली. जपानात गाडीला उशीर झाला, तर रेल्वेचे लोक उतारूंना तसा छापील दाखला देतात. तो कचेरीत किंवा शाळेत दाखवला, की उशिराचा दोष माणसाच्या माथी येत नाही. मी मनात म्हटले, माझ्या मुलांनी तीस वर्षांत सांगितलेल्या कारणांना असे दाखले जोडायचे ठरले असते, तर पंक्चर झालेल्या सायकली, अडवून उभ्या राहिलेल्या म्हशी आणि आजारी पडलेल्या आज्या यांच्या सह्या कोणी आणल्या असत्या?

“पण काका, उशीर राहू द्या, गाडी लवकर सुटली म्हणूनही इथं माफी मागतात,” पुतण्या म्हणाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेस मार्गावर एक गाडी ९ वाजून ४४ मिनिटे ४० सेकंदांनी सुटायची, ती ४४ मिनिटे २० सेकंदांनीच सुटली. कोणाही उतारूने तक्रार केली नव्हती. मागची गाडी चारच मिनिटांनी येत होती. तरीसुद्धा कंपनीने त्या वीस सेकंदांबद्दल जाहीर क्षमायाचना केली! आम्ही पोट धरधरून हसलो. वीस सेकंदांत आपण चपलेचा अंगठासुद्धा नीट बसवत नाही!

दुसऱ्या दिवशी आम्ही ओकायामाकडे निघालो. ओसाकाच्या पुढेच आमागासाकी नावाचे शहर आहे. तिकडे बोट दाखवून पुतण्याने जी हकीकत सांगितली, ती ऐकताना मात्र आदल्या रात्रीचे हसू ओठांवरून मावळले. २५ एप्रिल २००५ रोजी सकाळी एक तेवीस वर्षांचा चालक त्या भागातून साधी गाडी नेत होता. आधीच्या स्थानकावर गाडी थांब्याच्या पुढे गेली, ती मागे घ्यावी लागली आणि सुमारे दीड मिनिटाचा उशीर झाला. पुढच्या वळणावर वेगाची मर्यादा होती ताशी ७० किलोमीटर. गाडी शिरली ती ११६ च्या वेगाने. डबे रुळांवरून घसरले आणि एका उंच इमारतीवर आदळले. त्या चालकासह १०७ माणसे मृत्यू पावली. चूक करणाऱ्या चालकांना त्या काळी कामावरून बाजूला काढून, शिक्षणाच्या नावाखाली अपमानास्पद शिक्षा दिली जाई. तिच्या धास्तीने त्या तरुणाचे लक्ष विचलित झाले असावे, असे पुढे चौकशीच्या अहवालात नमूद झाले. त्या इमारतीचा काही भाग आज स्मारक म्हणून जपून ठेवलेला आहे.

गाडी पुढे धावत होती आणि माझ्या मनात दोन चालकांची चित्रे शेजारी शेजारी उभी राहिली. देश एक, घड्याळ एक, पांढरे हातमोजेही तेच. पण वाकायामाच्या वाटेवरील चालकाला समोरचा सिग्नल दिसत होता आणि आमागासाकीच्या त्या बिचाऱ्या पोराला समोर शिक्षा दिसत होती. शिस्तीची दोन मुळे असतात: एक दुसऱ्याच्या काळजीचे, दुसरे भीतीचे. वरून झाड सारखेच दिसते, पण वादळ आले म्हणजे कोणते मूळ खोल गेले आहे ते कळते. छडीच्या भीतीने गणित सोडवणारे मूल गणिताकडे पाहत नाही, ते छडीकडे पाहते. आणि म्हणूनच सोपे गणितही चुकते. वीस सेकंदांची क्षमा मागणारा देश मला थोर वाटतो, तो सेकंद मोजतो म्हणून नव्हे. फलाटावर धावत येणारा कोणी एक अनोळखी माणूस त्या वीस सेकंदांत मागे राहिला असेल, हा विचार त्या क्षमायाचनेत आहे म्हणून.

हा विचार मनात घोळत असतानाच ओकायामा आले. फलाटावर पाऊल ठेवले, तो बुटाच्या तळव्याखाली काहीतरी खरबरीत लागले. पाहतो तो उंचवटे असलेली पिवळी पट्टी! या पट्टीचा जन्मच मुळी या गावचा. सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांच्या एका परिचिताची दृष्टी अधू होत चालली होती. त्याला रस्त्याने सुरक्षित चालता यावे, म्हणून त्यांनी १९६५ साली पायांना जाणवतील अशा उंचवट्यांच्या फरश्या तयार केल्या. त्या प्रथम बसवल्या गेल्या १९६७ साली, ओकायामातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर. उभ्या रेघा म्हणजे ‘पुढे चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, जपून!’ एका माणसाच्या काळजीपोटी निघालेली ही वाट पुढे जपानभरच्या फलाटांवर पसरली आणि तेथून जगभर गेली.

आपल्याकडच्या मेट्रो स्थानकांवरही ती तुम्हांला दिसेल. पुष्कळ लोक तिला केवळ शोभेची रेघ समजतात आणि तिच्यावर आपली बोचकी ठेवून गाडीची वाट पाहतात. तुम्ही तसे करू नका. आपले सामान एक पाऊल बाजूला ठेवा आणि ती वाट मोकळी राहू द्या. कारण कोणीतरी पायांचे डोळे करून तिच्यावरून येत असेल.